टोळी क्रमांक चार

विनिता म्हात्रेने सहा वर्षं एकच गोष्ट मोजली: माणूस माणसाला हुकूम कसा सोडतो. यात मोजायचं काय, असं ऐकणाऱ्याला वाटेल. तिच्या आईलाही, येसूबाईला, तेच वाटे. "हुकूम मोजायला सा वर्सां? आमचे सासूकडं पाठवली असती तर एका दिसान मोजून झाली असती," असं ती शेजारणींना सांगायची आणि वर पोरगी डॉक्टर होणार म्हणून मिरवायचीही. पण पीएच.डी. म्हटली की साध्या गोष्टीलाही तक्ते लागतात, आणि तक्ते भरता भरता माणसाचे केस पिकतात. विनिताचे पस्तिसाव्या वर्षीच कानामागे पिकायला लागले होते.

उरणजवळच्या 'सागरदीप' नावाच्या कंटेनर यार्डात ती टॅलेंट मॅनेजमेंटची प्रमुख होती. म्हणजे कोणाच्या अंगात काय गुण आहे ते ओळखायचं आणि त्याप्रमाणे त्याला जागा द्यायची. बोलायला फार सोपं. यार्डातली पोरं जेवणाच्या सुट्टीत घोळक्याने बसून फोनवर एक खेळ खेळायची. चौघांची टोळी एका बेटावर उतरते आणि बाकीच्या टोळ्यांपासून जीव वाचवत शेवटपर्यंत टिकते, असा तो खेळ. साहेबलोक त्या पोरांना रिकामटेकडे म्हणायचे. विनिताला मात्र त्यात प्रबंध दिसला. खेळताना जो टोळी सांभाळतो, तोच उद्या यार्डातली पाळी सांभाळेल, असं तिचं म्हणणं होतं.

तिने अठ्ठेचाळीस पोरं घेतली, त्यांच्या बारा टोळ्या केल्या, प्रत्येक टोळीला बाहेरच्या टोळ्यांशी सोळा-सोळा डाव खेळायला लावले आणि माइकमधून आलेला शब्दन् शब्द रेकॉर्ड केला. मग तो ऐकून चार रकाने भरले. हुकूम किती दिले, कामं किती वाटून दिली, शाबासकी कितीदा दिली, चुका कितीदा दाखवल्या. बेरीज म्हणजे त्या पोराचा नेतृत्वगुणांक. जास्त गुणांकवाल्याची टोळी जास्त डाव जिंकते, हे तिला सिद्ध करायचं होतं आणि ते झालंही. फक्त टोळी क्रमांक चार आडवी आली. त्या टोळीचे गुण सगळ्यांत कमी, आणि आपल्या सोळांपैकी चौदा डाव तिने जिंकलेले.

"अशी एखादी निघतेच, नशिबावर जिंकणारी," तिच्या मार्गदर्शक सोनलमॅडम म्हणाल्या होत्या. "बाजूला ठेव. तळटीप टाक." विनिताने तळटीप टाकली. 'टोळी क्रमांक चार अपवादात्मक असल्याने वगळली आहे.' टोळी काढल्याबरोबर आलेख असा सरळ वर गेला की बघत राहावं.

कंपनीला हे इतकं आवडलं की प्रबंध पुरा व्हायच्या आधीच कंपनीने गुणांकालाच बढतीची आणि कपातीची कसोटी करून टाकलं. वरचे पाच सुपरवायझर होणार. तळाच्या दहांचं कंत्राट पुढे चालू राहणार नाही. शुक्रवारी विनिताने यादीवर सही केली. त्यात टोळी चारची चारही पोरं होती, आणि सगळ्यांत तळाला होता हितेश, तिचा सख्खा चुलतभाऊ, ज्याला तिने कडेवर खेळवलं होतं. हितेशला यातलं काहीच माहीत नव्हतं. नात्यातला आहे म्हणून आपण त्याला वाचवला नाही, याचा सही करताना तिला थोडा अभिमानच वाटला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सोमवारी मांडव्याच्या एका हॉटेलात परिषद होती. विषय टॅलेंट, संस्कृती आणि नेतृत्व. तिथे निबंध वाचायचा, बाहेरच्या परीक्षकांनी तो बरा म्हणायचा आणि मगच प्रबंध दाखल करायचा, असा नियम होता. तीन वेळा मुदत वाढवून झाली होती. आता तीस तारीख शेवटची.

आदल्या दिवशी, रविवारी, सर्वपित्री अमावास्या होती. वडिलांचं पान वाढायचं म्हणून विनिता गावी आली होती. शेरखार हे तिचं गाव पोयनाडच्या पलीकडे खाडीच्या काठी. गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून गाव आहे, नाहीतर तिथे खेकडे-चिंबोऱ्या राहिल्या असत्या. बांधाला एका ठिकाणी लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद ठेवायची. भात नुकतं निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुपारचे बारा वाजत आले होते. आई आत वडे तळत होती. विनिता ओटीवर लॅपटॉप घेऊन उद्याची तयारी करत होती. एका कानात इअरफोन, एक कान मोकळा. तेविसाव्या स्लाइडवर तिने एक आवाज ठेवला होता. ज्याच्यात नेतृत्व औषधालाही नाही, तो कसा बोलतो याचा नमुना. आवाज हितेशचा होता, नाव अर्थातच दिलेलं नव्हतं.

"पुलाव दोगं हायत," खेळातल्या पुलाकडे बघत हितेश कानात सांगत होता. "उजवेचा घर रिकामा हाय. धूर खाली येतंय. माजी गोली सरली."

त्याखाली तिनेच लिहिलं होतं: नुसतं वर्णन. हुकूम शून्य, कामाची वाटणी शून्य.

आणि मोकळ्या कानाला बांधावरून दयारामकाकांची हाक ऐकू आली.

"उघाडीचे अंगाला पाझरतंय!" मग दोन मिनिटांत, "खांड गेली हो! खांड गेली!"

बांध फुटून पाणी आत यायला लागलं की त्याला खांड म्हणतात. गल्लीतून कुणीतरी ओरडून विचारलं, "कवरी?" म्हणजे केवढी.

"हातभर!" काका ओरडले. "खालची माती जातंय! पेंढा न्हाय हितं!"

शेजारची नलू वाढलेलं पान तसंच टाकून घमेलं घेऊन धावली. गल्लीतल्या विनेशने मांडवावरचा पेंढ्याचा भारा खांद्यावर मारला. येसूबाईने गॅस बंद केला, साडी खोचली आणि अर्धे कच्चे वडे कढईत ठेवून ती निघून गेली. काका वरून सांगत होते, "दोन हात झाली... चिखल बसाला लागला... डावे अंगाला अजून पाणी हाय..." आणि डावीकडे कोणी जा म्हणायच्या आत तिथे चार जण उभे असायचे.

विनिताच्या सहा वर्षांच्या सवयीने आपलं काम सुरू केलं. ती हुकूम मोजायला लागली. चाळीस मिनिटं ती ओटीवर उभी राहून मोजत होती. सत्तावीस माणसं बांधावर होती. खांड बुजली, पाणी थांबलं, भात वाचलं. हुकूम शून्य. कामाची वाटणी शून्य.

तिने इअरफोन परत कानात घातला. "पुलाव दोगं हायत. उजवेचा घर रिकामा हाय." मग उरलेल्या तिघांचे आवाज तिने पहिल्यांदा नीट ऐकले. हितेशने पुलावर दोघं आहेत म्हटल्याबरोबर प्रणय पुलावर नेम धरून बसला होता. घर रिकामं म्हटल्याबरोबर दुसरा त्या घरात शिरला होता. गोळी सरली म्हटल्याबरोबर तिसऱ्याने त्याच्यापुढे गोळ्या टाकल्या होत्या. टोळी नशिबावर जिंकली नव्हती. बारा टोळ्यांतला सगळ्यांत चांगला नायक तिने तळाला नेऊन ठेवला होता, आणि तो तिच्याच घरातला होता. पुण्या-मुंबईच्या कुणाला हे ऐकू आलं नसतं तर एक वेळ समजलं असतं. बांधावरच्या पोरीला ऐकू आलं नाही, याला काय म्हणावं?

काका चिखलाने माखून ओटीवर टेकले. वडील गेल्यावर तिला त्यांनीच शिकवलं, कॉलेजला धाडलं.

"काका," तिने विचारलं, "तुमी कोणाला काय कर ते सांगत का न्हाय?"

काकांना प्रश्नच कळला नाही. "त्यान सांगायचा कय? पाणी कय करतंय ता सांगायचा. मानसाला हात हायत, डोका हाय." मग पाय धूत ते म्हणाले, "आन हुकूम सोडला तर मानूस माज्याकडं बगत बसल. मना बगून कय व्हनार? पाण्याकडं बगायला पायजे."

तेवढ्यात नलू म्हणाली की खांड का गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे, काल कुणीतरी चिंबोऱ्यांसाठी तिथेच उकरलं होतं. विनेश मान खाली घालून नखातला चिखल काढत होता.

"ता मागनं," काका म्हणाले. "खांड बुजवताना 'कवरी' इचारायचा. 'कोनी केली' ता बुजल्यावं."

संध्याकाळी विनिताने सोनलमॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, दमलेल्या होत्या.

"पुढील संशोधनाची दिशा म्हणून शेवटच्या स्लाइडवर दोन ओळी टाक," त्या म्हणाल्या. "उद्या काही बदलू नकोस. तीस तारीख डोक्यावर आहे."

"पण मॅडम, त्या टोळीला आपण निष्कर्षातून वगळलं आणि यादीत मात्र धरलं."

"यादी कंपनीची आहे, विनिता. आपलं काम प्रबंधापुरतं."

कंपनीच्या डायरेक्टर कोठारींना यादी थांबवा म्हणून तिने तीन मेल केले. रविवार होता. उत्तर आलं नाही.

सकाळी हितेश बाइक पुसून दारात उभा. त्याची दुसरी पाळी होती, चारला यार्डात पोचायचं होतं, म्हणून तायला मांडव्याला मीच सोडणार असं त्याने आठ दिवस आधीच जाहीर केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. येसूबाईने विनिताच्या हातावर दही ठेवलं.

वाटेत तो बोलत होता आणि ती त्याच्या पाठीमागे बसून ऐकत होती. "फुडं खड्डा हाय." तिने हात घट्ट केला. "मागनं ट्रक आयलाय." ती आत सरकली. "पोयनाडला गर्दी दिसतंय." तिने मोबाईलवर दुसरा रस्ता पाहिला आणि बोटाने दाखवला. सव्वीस वर्षं हा पोरगा असाच बोलत होता. नीट धर, आत सरक, रस्ता बघ, असं तो तिला एकदाही म्हणाला नव्हता, आणि ती मात्र दरवेळी बरोबर तेच करत आली होती. तिला रडू फुटलं. हेल्मेट होतं म्हणून निभावलं.

"ताय, आमची टोली पयली आयली ना?" त्याने विचारलं.

"हो. सगळ्यांत जास्त डाव तुम्हीच जिंकलात."

"मंग दाकव त्यांना. आमचा आवाज दाकव. त्या प्रणयला मी कालच बोललो, आपला आवाज मोठ्या हाटेलान लागनार हाय." तो एवढा खूश होता की त्याने जेट्टीपर्यंत गाणं गुणगुणलं. मला इथेच उतरव आणि या रस्त्यात गाडून टाक, असं तिला त्याला सांगावंसं वाटलं. तिने हेल्मेटची काच खाली ओढली. आपण भेकड आहोत हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मी हितंच जेट्टीव थांबतो," तो म्हणाला. "दोन वाजता निगालो तरी पाळी गावल."

गेटवेहून लाँच आली आणि पाहुण्यांची रीघ हॉटेलात शिरली. कोठारी निळ्या कोटात होते. परीक्षक डॉ. रणदिवे पहिल्या रांगेत वही उघडून बसले होते. सोनलमॅडमनी दुरून अंगठा दाखवला. कोठारींना गाठावं म्हणून विनिता पुढे झाली, पण त्यांच्याभोवती माणसांचं कडं होतं आणि सूत्रसंचालकाने तिचं नाव पुकारलं.

बाविसाव्या स्लाइडपर्यंत ती घोटलेलं बोलत गेली. आलेख सरळ वर चढला तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. मग तेविसावी आली. तिने बटण दाबलं आणि हितेशचा आवाज त्या थंडगार हॉलभर झाला.

"पुलाव दोगं हायत. उजवेचा घर रिकामा हाय. धूर खाली येतंय. माजी गोली सरली."

"हा तर क्रिकेटची कॉमेंट्री करतोय!" कोठारी म्हणाले आणि हॉलमध्ये हशा पिकला.

हा हशा विनितानेच पेरला होता. 'इथे लोक हसतील, तीन सेकंद थांबणे', असं तिच्या कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याप्रमाणे ती थांबली. तीन सेकंद झाले. दहा झाले. हसणं विरलं. लोक तिच्याकडे बघायला लागले. अर्ध्या मैलावर जेट्टीवर तो आवाज इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"हा आवाज मी चुकीचा मोजला," ती म्हणाली.

सोनलमॅडमनी डोळे मिटून घेतले.

मग विनिता बोलत सुटली. बांध, उघाडी, भरती, खांड. हुकूम न देता सत्तावीस माणसं कशी हलली. टोळी चारने चौदा डाव कसे जिंकले. ती घाईघाईने दुसरा आवाज लावायला गेली, तो उघडेना, मग तिसरा भलताच लागला. सहा वर्षं कमावलेलं इंग्रजी ऐन वेळी दगा देऊन गेलं आणि वाक्यं अर्ध्यावर तुटायला लागली. तरी एक वाक्य तिने मराठीत धड सांगितलं. "सिद्ध करताना आम्ही ज्यांना मोजलं नाही, त्यांना काढून टाकताना मात्र मोजलं."

रणदिव्यांनी पेन वर केलं. "ही टोळी तुम्हीच वगळली होती?"

"हो, सर."

"आणि ती चूक होती, हे तुम्हाला कधी कळलं?"

"काल दुपारी. गावच्या बांधावर."

मागून कुणीतरी हसलं. रणदिवे हसले नाहीत. "गावच्या बांधावर चाळीस मिनिटं पाहिलेली घटना म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या कोणी मोजलंय हे?"

"नाही, सर."

"म्हणजे जुना निष्कर्ष तुमच्याच तोंडून मोडला आणि नवा सिद्ध झालेला नाही. मग माझ्यासमोर आज आहे काय?"

ते बरोबरच बोलत होते. "चूक आहे, सर," ती म्हणाली.

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. सहा वर्षं संपायला एवढाच वेळ लागला.

चहाच्या टेबलापाशी सोनलमॅडम तिच्या खांद्याला हात लावून गेल्या. विनिताने कोठारींना मात्र तिथेच अडवलं.

"सर, यादी थांबवा."

"अहो, निरोप लावून ठेवलेत. दोन वाजता आपोआप जातील सगळ्यांच्या फोनवर."

"सही माझी आहे. मी ती मागे घेते."

"प्रबंध मागे घ्या, तो तुमचा आहे. कसोटी कंपनीची झाली आता." कोठारींनी बशीत बिस्किट ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट त्यात थोडी कीवच होती. "आणि एक विचारू? तळाचा तो हितेश म्हात्रे तुमचा भाऊ ना? मला आत्ताच कोणीतरी सांगितलं. सही करताना बोलला नाहीत. आज भर सभेत त्याच्यासाठी कसोटीच चुकीची ठरवलीत. आता मी यादी बदलली तर लोक काय म्हणतील?"

"सर, तो माझा भाऊ आहे म्हणून नाही."

"मला पटतं हो. बाकीच्यांना कोण पटवणार?"

ती त्यांच्या पाया पडली असती. तिने खरंच तेवढं वाकण्याची तयारी केली होती. पण कोणीतरी कोठारींना फोटोसाठी बोलावलं आणि ते गेले. नात्यातल्याला वाचवलं नाही म्हणून जो अभिमान तिने शुक्रवारी बाळगला होता, तोच आता दाराला कडी घालून बसला होता. भिंतीवरच्या घड्याळात एक वीस झाले होते.

जेट्टीकडे ती जवळजवळ पळतच गेली. काय सांगायचं? मी तुला दोन गुण दिले, तेही दोनदा तू 'बरा जाला' म्हणाला होतास म्हणून? यादी मी केली, सही माझी, आणि हशाही मीच पिकवला? मनात ती इंग्रजी वाक्यं जुळवत होती, खेद वाटतो, दुर्दैवाने, प्रक्रियेनुसार. अशी दीडशे पत्रं तिने आजवर लोकांना लिहिली होती. त्यातलं एकही या पोराला तोंडावर म्हणता येण्यासारखं नव्हतं.

भरती टिपेला होती. पाणी जेट्टीच्या वरच्या पायरीला लागलं होतं. हितेश बाइकवर बसला होता. तिच्यासाठी घेतलेला वडापाव कागदात गुंडाळून त्याने शर्टाच्या खिशाजवळ धरला होता, निवू नये म्हणून. तिचा चेहरा पाहून तो उठून उभा राहिला. कसं झालं, आवाज लावला का, काही विचारलं नाही.

"पाणी लय आयलाय," तो म्हणाला. "घरचे रस्त्याव चढला असंल. ओसरायला तास लागंल."

त्याच्या पँटच्या खिशात फोन होता. त्याची कड दिसत होती. एक बेचाळीस झाले होते. फोन बंद कर, असं ती म्हणणार होती. फोन माझ्याकडे दे. आज पाळीला जाऊ नकोस. तीन हुकूम तिच्या जिभेवर आले, एकाखाली एक, रकान्यात भरल्यासारखे. आणि प्रत्येकाबरोबर तो फक्त तिच्याकडे बघत बसला असता.

"हितू," ती म्हणाली, "खांड गेलीय."

त्याने झटकन खाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गावान?"

"न्हाय. यार्डान. कंत्राटाची यादी लागलीय. दोन वाजता सगळ्यांना निरोप येईल. माझ्या हातनं गेलीय ती."

तिला वाटलं होतं तो विचारेल, तुझ्या हातनं म्हणजे? तिने त्यासाठी श्वास धरून ठेवला होता. हितेशने वडापाव तिच्या हातात दिला आणि खिशातून फोन काढला.

"कवरी?" त्याने विचारलं.

तिचा हुंदका बाहेर पडला. "दहा जणांची. आपल्या टोळीतली चारी पोरं हायत. तू पयला."

तो क्षणभर पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने नंबर लावला.

"प्रणय," तो म्हणाला, "यादी लागलीय. दोनला निरोप येनार. दा जन हायत, तू हायस, मी हाय. पाळीची बस अजून वडखळला आयली न्हाय." मग थोडं थांबून, "कागद सगलं तायला ठाव हायत. ताय हितं माज्याजवल हाय."

तिला त्याने काही कर म्हणून सांगितलं नाही. विनिताने वडापाव बाइकच्या सीटवर ठेवला, डोळे पुसले, बॅगेतून यादी काढली आणि टोळीच्या चौघांनंतरच्या पाचव्या नावाचा नंबर फिरवला.